पिल्लं वाढवणं आणि जुन्या कोंबड्यांत मिसळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटण तालुक्यातल्या आमच्या परड्यात तीस-पस्तीस कोंबड्या कायम असतात. बचत गटातल्या बायका, माहेरची माणसं आणि हल्ली पुण्यात बंगल्यामागे चार कोंबड्या पाळणारी मंडळी, सगळ्यांचे फोन फिरून फिरून त्याच गोष्टींसाठी येतात. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून लिहून ठेवलं. शेडमध्ये हजारांनी ब्रॉयलर घालणाऱ्यांसाठी हे नाही. दहा ते पन्नास पक्षी घरी पाळणाऱ्यांसाठी आहे.

१. पहिल्यांदाच पिल्लं आणतेय. कुठल्या जातीची आणू, किती आणू?

परसात मोकळं फिरवायचं असेल तर गिरिराज, वनराज, कावेरी, ग्रामप्रिया किंवा आरआयआर (रोड आयलंड रेड) यांपैकी जे जवळ मिळेल ते. गिरिराज बंगळूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून आलेली, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतल्या. देशीपेक्षा अंडी जास्त देतात, पण खुडूक बसायची हौस त्यांना कमी. म्हणून एक-दोन देशी कोंबड्या जवळ असू द्या, त्या उपयोगी पडतात (प्रश्न १० पाहा).

पुण्यात खडकीला, कोल्हापूरला, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. तिथं आधी नोंदणी करावी लागते.

पहिल्या खेपेला पंधरा ते वीस पुरे. दहापेक्षा कमी नको, कारण पिल्लं एकमेकांच्या उबेवरही जगतात. आणि निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच चाला.

२. दारावर हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्लं दहा-वीस रुपयांत मिळतात. घेऊ का?

नका घेऊ. ती बहुतेक अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं असतात. हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो म्हणून ती स्वस्तात बाहेर पडतात. रंगात भिजलेली, प्रवासात उपाशी राहिलेली, लस नसलेली. मुलांनी हट्ट धरून घेतलीच असतील तर जुन्या कोंबड्यांपासून पूर्ण लांब ठेवा आणि प्रश्न १७ वाचा.

३. पिल्लं यायच्या आधी काय तयारी हवी?

जागा आदल्या दिवशीच गरम करून ठेवा. पिल्लं दारात आणि बल्ब शोधायला माणूस बाजारात, असं नको.

पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा दीड फूट उंचीचा गोल कडा उभा करा. गोलच करा, चौकोनी नको. कारण प्रश्न ५ मध्ये आहे. खाली दोन इंच भाताचं तूस किंवा शेंगांची टरफलं. त्यावर पहिले दोन-तीन दिवस कागद, म्हणजे पिल्लं तूस खात बसत नाहीत. वर्तमानपत्र चालतं, पण चुरगळून मग पसरा. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकले की पिल्लू जन्माचं पांगळं होतं.

पहिला महिना पिल्लाला अर्धा चौरस फूट जागा लागते, दुसऱ्या महिन्यात एक. पाण्याचं भांडं उथळ हवं. खोल असेल तर त्यात खडे टाका. इवलंसं पिल्लू बशीभर पाण्यातही बुडतं.

४. बल्ब किती वॅटचा? ऊब बरोबर आहे हे थर्मामीटरशिवाय कसं कळतं?

दर पिल्लामागे दोन वॅट हा सोपा हिशेब. वीस पिल्लांना चाळीस किंवा साठचा पिवळा बल्ब. एलईडी नको, त्याला ऊब नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस लागतं, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्ब थोडा थोडा वर घेत गेलं की झालं. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात दुपारी बल्ब लावायची गरजच नसते. तिथं ऊब नाही, सावली आणि वारा शोधा.

थर्मामीटर असला तरी त्याच्यापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन चिरचिर ओरडत असतील तर गार वाटतंय. कड्याला चिकटून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय. आणि सगळीकडे पांगून, काही खातायत, काही पाय ताणून आडवी झोपलीयत, असं दिसलं की तुम्हीही झोपा. आडवं पडलेलं पिल्लू बघून "मेलं की काय" म्हणून रात्री अकराला मला फोन आलेले आहेत. ते झोपलेलं असतं.

५. रात्री वीज गेली तर?

हा प्रश्न मी स्वतः महागात शिकले. जानेवारीतली रात्र, चाळीस पिल्लं, लाकडी चौकोनी खोकं. पहाटे वीज गेली आणि मला जागच आली नाही. सकाळी एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. वरची सगळी जिवंत, खालची अकरा चपटी झालेली. थंडीनं नव्हे, चेंगरून मेली होती. गोल कड्याला कोपराच नसतो, म्हणून तसा ढीग होत नाही.

वीज गेल्यावर प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरा, गोणपाटात गुंडाळून मधे ठेवा आणि कड्यावर अर्धवट गोणपाट टाका. दोन-तीन तास निभतात. कोळशाची शेगडी बरेच जण लावतात, पण बंद खोलीत ती पिल्लांनाच काय, माणसालाही घातक. लावायचीच तर वरून हवा खेळती हवी आणि भोवती जाळी. एक मोठं रांजणाचं खापर उन्हात तापवून संध्याकाळी मधे पालथं घालायची सासूबाईंची पद्धत आहे. रात्रीच्या सुरुवातीपुरतं तेही चालतं.

६. पहिल्या दिवशी काय खायला घालू?

आधी पाणी, मग खाणं. लांबून आणलेल्या पिल्लांना कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्या. एकेकाची चोच हळूच पाण्यात टेकवा. चार पिल्लं शिकली की बाकीची बघून पितात. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी चाचपून पाहा. भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लू जेवलंय.

दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, ज्यात २० ते २२ टक्के प्रथिनं असतात. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लं जगतात, वाढत नाहीत. दीड महिन्यानं पंखांवरून फरक दिसतो. पहिल्या सहा आठवड्यांत एका पिल्लाला किलो-सव्वा किलो खाद्य लागतं. एवढा खर्च अंगावर घ्यावाच. त्यानंतर ज्वारी-बाजरी, हिरवा पाला, वाळवी, उकिरड्यावरचे किडे. वाळवीचं ढेकूळ पुढ्यात फोडलं की पिल्लं जी तुटून पडतात, ते बघायला घरातली सगळी गोळा होतात.

७. पिल्लाच्या बुडाला विष्ठा चिकटून घट्ट झालीय. ओढून काढू?

ओढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून ते मऊ करा, पुसा, कोरडं करा, जरासं खोबरेल लावा आणि पुन्हा उबेला सोडा. एक-दोन पिल्लांना झालं तर प्रवासाचा ताण किंवा ऊब कमी-जास्त झालेली असते. चुन्यासारखी पांढरी हगवण होऊन बरीच पिल्लं मलूल झाली तर मात्र तडक पशुवैद्यकीय दवाखाना.

८. घरच्या वीस पिल्लांना लस लागते का?

लागते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, वीस पिल्लं आणि वीस हजार पिल्लं असा भेद करत नाही. या रोगाला नाव उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून पडलं. तिथं तो १९२७ साली नोंदला गेला. झाल्यावर औषध नाही, आधीची लस हाच इलाज.

साधारण क्रम असा: मरेक्सची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी, घेताना विचारून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेतची पहिली लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहा-सात आठवड्यांनी देवीची आणि आठ आठवड्यांनंतर राणीखेतची आर-टू-बी, इंजेक्शनानं. तुमच्या भागातल्या रोगराईप्रमाणे डॉक्टर यात बदल करतात, तो माना.

अडचण एकच. लसीची कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते आणि पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आमच्या वाडीत सगळ्यांनी पिल्लं एकाच आठवड्यात आणायची असं ठरवलंय. कुपी एक, थर्मासमध्ये बर्फ, आणि लस टोचत घरोघर फिरायचं. दवाखान्यातून लस खिशात घालून उन्हातून आणलीत तर ती पाण्यासारखीच.

९. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांची पिल्लं फुगून बसतात आणि विष्ठेत रक्त दिसतं. काय असतं?

बहुधा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. ओल्या तुसात याचे जंतू एक-दोन दिवसांत तयार होतात. आमच्याकडे आषाढात कपडे वाळत नाहीत, तिथं तूस कुठून वाळणार! पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज उचला. भांडं विटेवर ठेवलं की सांडणं निम्म्यानं घटतं. रक्त दिसलं की उद्यावर ढकलू नका. डॉक्टर बहुतेक ॲम्प्रोलियम पाण्यातून देतात, आणि ते त्याच दिवशी सुरू झालं तर पिल्लं वाचतात.

मोठ्या कोंबड्या थोडी थोडी लागण होऊन या रोगाला पचवून बसलेल्या असतात. दिसायला ठणठणीत, पण विष्ठेतून जंतू टाकत राहतात. पिल्लं मोठ्यांत सोडायची घाई करू नका, असं मी म्हणते त्याचं भांडणाइतकंच हेही कारण आहे.

१०. माझी देशी कोंबडी खुडूक आहे. तिच्याखाली विकतची पिल्लं सरकवता येतील का?

येतील, आणि जमलं तर याच्यासारखं सुख नाही. बल्ब नको, वीज गेल्याची धास्ती नको. पण अटी आहेत. कोंबडी किमान दोन आठवडे पक्की बसलेली हवी. पिल्लं एक-दोन दिवसांची हवीत. आठवड्याचं पिल्लू तिला आई मानत नाही, आणि तीही त्याला नाही.

काम रात्री, अंधारात करा. हाताला तिच्या जागेतलं तूस चोळा. एक अंडं काढा, एक पिल्लू सरकवा. दोन पिल्लं घालून थांबा आणि आवाज ऐका. खालच्या स्वरात कुक-कुक करत पंख सैल केले तर बाकीची घाला. खर्रकन ओरडून टोचलं तर पिल्लं लगेच बाहेर. देशी कोंबडीच्या पंखाखाली दहा-बारा मावतात. पहाटे तुम्ही स्वतः तिथं हजर राहा. काही कोंबड्या रात्री स्वीकारतात आणि उजाडल्यावर रंग बघून मारतात.

११. पिल्लं बाहेर कधी काढू?

ऊन असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून दुपारी तासभर, डालग्याखाली. घार आणि कावळा वरून येतात, मुंगूस आणि बोका बाजूनं, घूस आणि साप रात्री. डालग्यावर दगड ठेवा. मुंगूस डालगं उलथवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पूर्ण मोकळी सोडायची तर पंख नीट भरल्यावरच.

१२. जुन्या कोंबड्यांत नवी पिल्लं नक्की कधी आणि कशी मिसळायची?

सगळ्यात जास्त फोन यावरच येतात, आणि बहुतेक वेळा पिल्लं सोडून झाल्यावर, एखाद्याचं डोकं फुटल्यावर.

आधी हे समजून घ्या की कळपात प्रत्येक कोंबडीची पायरी ठरलेली असते. कुणी कुणाला टोचायचं, दाण्यावर आधी कोण, वरच्या दांडीवर कोण. नॉर्वेच्या थॉर्लिफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ही टोचण्याची उतरंड शास्त्राच्या भाषेत मांडली, पण आपल्या आज्यांना ती आधीच ठाऊक होती. नवी पाच पिल्लं आली की फक्त पाच जागा वाढत नाहीत, सगळी उतरंड नव्यानं लागते. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ जाळीच्या आडून गेला तर रक्त निघत नाही.

वय किमान आठ आठवडे, बरं म्हणजे दहा ते बारा. वयापेक्षा अंगलट बघा. जुन्या कोंबडीच्या दोन तृतीयांश तरी झालेली असावीत. एकटं-दुकटं पिल्लू कधीच सोडू नका, तीन-चार तरी एकत्र.

पहिले आठ-दहा दिवस खुराड्याला किंवा अंगणातल्या कुंपणाला लागून बारीक जाळीचा कप्पा करा. दोन्हीकडचं खाणं जाळीच्या जवळ ठेवा. पहिल्या दिवशी जुन्या कोंबड्या मानेची पिसं फुलवून जाळीवर चोची आपटतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांचं लक्षही नसतं. हे "लक्ष नसणं" दिसेपर्यंत जाळी काढायची नाही, मग बारा दिवस लागोत.

नंतर संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी, मोकळ्या अंगणात एकत्र सोडा. खुराड्यात नको, तिथं पळायला जागा नसते. दाणे लांब लांब फेकलेले असावेत, म्हणजे सगळ्यांच्या माना खाली राहतात. खाण्या-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी आणि एकमेकांना न दिसणारी. कडब्याच्या दोन पेंढ्या उभ्या करा, एक फळी भिंतीला तिरकी लावा, एक डालगं चार इंचांच्या विटांवर उचलून ठेवा. त्याखाली पिल्लू शिरतं, मोठी कोंबडी अडकते. हे डालगं आमच्याकडे महिनाभर असतं.

असे चार-पाच दिवस गेले की रात्री खुराड्यात. आपणच उचलून दांडीवर ठेवायचं आणि उजाडायच्या आत दार उघडायला उठायचं. "रात्री गुपचूप आत सोडलं की सकाळी त्यांना कळत नाही" असं सगळे सांगतात. कळतं. कोंबडी एवढी खुळी नाही. आधी ओळख झालेली असेल तरच ही युक्ती चालते.

१३. एकत्र झाल्यावर खाद्य कुठलं? मोठ्यांना लेयर मॅश, लहानांना ग्रोअर. वेगळं कसं ठेवणार?

ठेवता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच ग्रोअर द्या. लेयर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं. पिल्लाला एक टक्का पुरतं, आणि जास्तीचं त्याच्या मूत्रपिंडांवर येतं. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्याला गरज असते तीच खाते. पहिलं अंडं पडलं की सगळे लेयरवर.

१४. टोचतायत. सोडवू की राहू दे?

एक टोचा, पिल्लू पळालं, मोठी परत दाण्याकडे गेली, तर राहू द्या. तुम्ही मधे पडलात की उतरंड ठरतच नाही. पाठलाग करकरून कोपऱ्यात गाठत असेल, दोघी-तिघी मिळून एकाला धरत असतील, किंवा पिल्लू दिवसभर खायलाच येत नसेल, तर सोडवा. रक्त दिसलं तर क्षणभरही थांबू नका. लाल रंग दिसला की सगळा कळप तिथंच टोचतो. जखम धुऊन हळद-खोबरेल लावा आणि पूर्ण बरी होऊन पिसं येईपर्यंत पिल्लू जाळीआड ठेवा.

१५. आई कोंबडीनंच पिल्लं काढलीत. मग हे सगळं करायचं का?

नाही. ती स्वतःच त्यांना कळपात नेते, आणि तिच्या पिल्लाला टोचायची कुणाची छाती नसते. पहिले दहा-बारा दिवस घार-मांजरासाठी आणि पिल्लांचं खाद्य मोठ्यांनी संपवू नये म्हणून वेगळं ठेवा, एवढंच. खरी वेळ पुढं येते. दोन-तीन महिन्यांनी आई पिल्लांना टोचून दूर करते आणि अंड्यावर येते. त्या आठवड्यात त्यांचं संरक्षण अचानक उठतं. विटांवरचं डालगं (प्रश्न १२) तेव्हा लावा.

१६. असील किंवा कडकनाथ इतरांत चालतात का?

कडकनाथ चालतो. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा हा पक्षी, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बुजरा आणि उडका आहे, म्हणून कुंपण उंच हवं. असीलचं वेगळं. झुंजीचं रक्त, त्याची पिल्लं काही आठवड्यांची असतानाच आपसात भिडतात आणि माघार घेत नाहीत. असील वेगळाच ठेवा. टर्की तर कोंबड्यांच्या जागेत नकोच. कोंबडी स्वतः आजारी न पडता टर्कीला काळ्या डोक्याचा रोग देते आणि टर्की मरते.

१७. बाजारातून वाढलेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या. लगेच मिसळू?

तीन ते चार आठवडे वेगळ्या ठेवा, आणि वेगळ्या म्हणजे जाळीपलीकडे नव्हे, घराच्या दुसऱ्या बाजूला. आधी जुन्यांना खायला घालायचं, मग नव्यांना, आणि चप्पल बदलायची. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लूनं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आजूबाजूला कोंबड्या अचानक मरत असतील तर बाजारातून काही आणूच नका, आणि मेलेला पक्षी हातात न घेता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. वेगळं ठेवून झाल्यावर प्रश्न १२ पहिल्यापासून.

१८. सगळं केलं, महिना झाला, तरी एकच कोंबडी पिल्लांना सोडत नाही.

लोक मार खाणाऱ्या पिल्लाला बाजूला काढतात. उलटं करा. मारणारीला काढा. चार-पाच दिवस अशा ठिकाणी ठेवा जिथून कळप दिसत नाही. ती परत येते तेव्हा तिची पायरी गेलेली असते, आणि तीच नवी ठरते. बहुतेक एवढ्यानं भागतं. नाही भागलं तर पुन्हा एकदा, या वेळी आठवडाभर.

तिसऱ्यांदाही तेच झालं तर? आमच्याकडे असं एकदाच झालं. मुंडी कवडी होती, अंडी चांगली द्यायची, म्हणून मी गटारीपर्यंत थांबले.